गुणपत्रिकेबाहेरची हुशारी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न निघतो, 'आता पुढे काय?' आणि त्याचे उत्तर बहुतेक घरांत टक्केवारीच देऊन टाकते. नव्वदच्या वर गुण असतील तर सायन्स, पंचाहत्तरच्या आसपास असतील तर कॉमर्स, त्याखाली आर्ट्स आणि अगदीच काठावर सुटला असेल तर आयटीआय. मुलगा किंवा मुलगी कोणत्या कामात रमते, तिला काय चटकन जमते, हे विचारण्याची वेळच येत नाही. जणू बुद्धी ही गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखी असावी. कुणाची भरलेली, कुणाची अर्धी. पातळी बघायची आणि पाणी कुठवर पोचेल ते सांगून मोकळे व्हायचे.

गंमत अशी की आपली रोजची बोली असे मानत नाही. एखाद्या वैद्याच्या हाताला गुण असतो. ओळंबा लावण्याआधीच भिंत कुठे कलली आहे हे सांगणाऱ्या गवंड्याची नजर पक्की असते. कुणाच्या गळ्यात सूर असतो, कुणाच्या जिभेवर सरस्वती असते. कुणी हिशेबी, कुणी धोरणी, तर कुणी माणसे जोडणारा. हात, नजर, गळा, जीभ, हिशेब, माणसे: हुशारीची इतकी ठिकाणे आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होती. मग ती सगळी मिटून 'हुशार' आणि 'ढ' असे दोनच कप्पे कसे उरले?

याचे एक उत्तर शाळेच्या परीक्षेत आहे आणि दुसरे बुद्धिमापनाच्या इतिहासात. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त कसोटी तयार केली. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते, आणि वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना वेगळी मदत द्यायची होती. कसोटीचा हेतू तेवढाच होता. मुलाची बुद्धी जन्मभरासाठी ठरलेली असते, ही कल्पना बिने यांना मुळीच मान्य नव्हती. सरावाने आणि योग्य शिकवण्याने ती वाढते, असे ते सांगत. १९११ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची युक्ती काढली, आणि १९१६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी त्यातून बुद्ध्यंक हा आकडा घरोघरी पोचवला. मदतीसाठी केलेली मोजपट्टी अशी माणसांची प्रतवारी लावण्याच्या कामी आली.

ही कसोटी आपल्याकडेही लवकर आली. १९३०च्या दशकात धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचे रूपांतर केले. 'बिने-कामत' या नावाने ती आपल्याकडे दीर्घकाळ वापरली गेली. मतिमंदत्वाचे निदान करण्यासाठी, मुलाला नेमकी कोणती मदत हवी हे ठरवण्यासाठी अशा कसोट्यांचा उपयोग मोठा आहे. तो कुणी नाकारू नये. अडचण येते ती त्या आकड्याकडून भविष्य वदवून घेताना.

टर्मन यांचाच अनुभव पाहा. १९२१ पासून त्यांनी कॅलिफोर्नियातली उच्च बुद्ध्यंकाची हजाराहून अधिक मुले निवडली आणि त्यांच्या आयुष्याचा पाठपुरावा सुरू केला. यातली बरीच मुले पुढे चांगल्या हुद्द्यांवर गेली, हे खरे. पण चाचणी देऊनही निवड न झालेल्या मुलांमध्ये दोन नावे होती, विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ. शॉकली यांना १९५६ मध्ये आणि अल्वारेझ यांना १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निवडलेल्या मुलांपैकी एकालाही ते मिळाले नाही. चाळणी चुकीची नव्हती, पण तिची भोके एकाच मापाची होती.

ही भोके वेगवेगळ्या मापांची करण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न हार्वर्ड विद्यापीठाचे हॉवर्ड गार्डनर यांनी केला. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचा त्यांनी अभ्यास केला होता. एखाद्याची वाचा जाते, पण त्याला चाल आठवते, तो गुणगुणू शकतो. दुसऱ्याचे बोलणे शाबूत राहते, पण ओळखीच्या गल्लीत तो वाट चुकतो. बुद्धी ही एकच गोष्ट असती तर ती अशी तुकड्या-तुकड्यांनी कशी गेली असती? या विचारातून १९८३ मध्ये त्यांनी सात प्रकारच्या बुद्धी मांडल्या आणि नव्वदच्या दशकात त्यात आठवीची भर घातली. भाषेची, तर्क-गणिताची, संगीताची, आकार आणि अवकाशाची, शरीराच्या हालचालींची, इतरांना ओळखण्याची, स्वतःला ओळखण्याची आणि निसर्ग जाणण्याची, अशा या आठ बुद्धी.

यातली भाषेची बुद्धी म्हटली की आपल्याला निबंधात पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा आठवतो. पण बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेल्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, त्या पुस्तकरूपाने आल्या. अक्षरओळख आणि भाषेची जाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून मोठा पुरावा मराठी माणसाला नको. ही जाण असणाऱ्याने लेखकच व्हावे असे नाही. वकिलाला ती लागते, पत्रकाराला लागते, अनुवादकाला लागते. विम्याचे किचकट कलम शेतकऱ्याला चार वाक्यांत समजावणाऱ्या अधिकाऱ्यालाही लागते.

आकाराची जाण पाहायची तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण बोलके आहे. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तिथे लक्षात आले की त्यांना काही रंगांतला फरकच कळत नाही. चित्रकलेची वाट बंद झाली. पण रेषा आणि आकार यांवरची पकड तर होतीच. ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवू लागले, पुढे लोखंडी नांगर बनवले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. एकच गुण, पण चित्राच्या कागदावरून तो कारखान्यात गेला. आजही वास्तुविशारद, नकाशे करणारा, साचे बनवणारा टूलरूममधला कारागीर, क्ष-किरणाच्या सपाट चित्रातून आतली खोली वाचणारा डॉक्टर, आणि दोन मीटर कापडात तीन मीटरचे काम बेतणारा शिंपी, हे सगळे या बाबतीत एकमेकांचे भाऊबंदच म्हणायचे.

संगीताची बुद्धी म्हणजे गायक होणे, असे आपण धरून चालतो आणि मग 'त्यात पोट भरेल का?' म्हणून विषय मिटवतो. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तंबोरे बनवणारी घराणी आहेत. २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीचा पृष्ठभाग केसाएवढा घासतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. त्याच्या हाताला काय करायचे ते कान सांगतो. तोच कान थोड्या भौतिकशास्त्राशी जोडला की ध्वनिमुद्रक तयार होतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्याचे स्वतंत्र शिक्षण मिळते. हाच कान बोलण्यात अडखळणाऱ्या मुलांवर उपचार करणाऱ्या वाचातज्ज्ञालाही उपयोगी पडतो.

शरीराच्या बुद्धीला तर आपण बुद्धीच मानत नाही. 'अभ्यासात नाही ना, मग खेळात तरी असू दे', असे म्हणतो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकले. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारे ते स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू. समोरच्याचा तोल कुठे आहे आणि पुढच्या क्षणी तो कुठे जाईल हे क्षणार्धात ओळखून डाव टाकणे, ही बुद्धी नाही तर काय? शल्यविशारदाच्या बोटांत, वेल्डरच्या मनगटात, फिजिओथेरपिस्टच्या तळहातात हीच बुद्धी काम करते.

निसर्गाच्या जाणकारीसाठी डॉ. सालिम अलींचे नाव पुरेसे आहे. कॉलेजात त्यांना बीजगणित आणि लॉगॅरिदम यांनी इतके छळले की ते शिक्षण सोडून ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायात गेले. पण पक्षी काही सुटले नाहीत. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले आणि कित्येक पिढ्यांनी ते हातात धरून पक्षी ओळखायला शिकून घेतले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण गावठी वाणांची बियाणी ओळखणे, जपणे, ती पुढे देणे यासाठी त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शेती, वनशास्त्र, रोपवाटिका, पशुवैद्यक ही या बुद्धीची हक्काची क्षेत्रे.

तर्काची बुद्धी गणिताच्या पेपरात दिसते, तशी मोटार मेकॅनिकच्या गॅरेजमध्येही दिसते. गाडी बंद पडली की तो एकेक शक्यता खोडत जातो आणि शेवटी उरते ते कारण. संगणकाच्या प्रोग्रॅममधली चूक शोधणाराही दुसरे काय करतो? माणसे ओळखण्याची बुद्धी परिचारिकेला, शिक्षकाला, समाजसेवकाला, विक्रेत्याला लागते. खचाखच भरलेल्या एसटीत सुट्ट्या पैशांवरून पेटलेले भांडण दोन वाक्यांत विझवणाऱ्या कंडक्टरकडे ती असते. त्याला त्याबद्दल कुणी प्रमाणपत्र देत नाही, एवढेच. आणि स्वतःला ओळखण्याची बुद्धी? तिच्या नावाची नोकरी नसते. पण ती नसली तर मिळालेली नोकरी टिकत नाही.

श्रोतेहो, इथपर्यंत ऐकून 'आता माझ्या मुलाचा प्रकार कोणता ते सांगा' असे कुणाला वाटले असेल, तर थोडे थांबायला हवे. गार्डनर यांच्या मांडणीवर मानसशास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत आणि ते किरकोळ नाहीत. १९०४ मध्येच चार्ल्स स्पिअरमन यांनी दाखवले होते की निरनिराळ्या बौद्धिक चाचण्यांतले गुण एकमेकांच्या सोबतीने वरखाली होतात. म्हणजे सगळ्यांच्या मुळाशी काही समान क्षमता असावी. पुढच्या शंभर वर्षांत हे पुन्हा पुन्हा आढळले आहे. आठही बुद्धी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, याला मात्र तसा भक्कम आधार मिळालेला नाही. अनेक अभ्यासक म्हणतात, याला बुद्धी कशाला म्हणता, अंगचे गुण म्हणा. जे. पी. गिलफर्ड यांनी तर गार्डनरच्या आधीच बुद्धीचे १२० घटक मांडले होते. १९६२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने त्यांच्या प्रतिमानावर आधारित कसोट्यांचे काम मराठी मुलांसाठी केले आहे. तेव्हा आठ हा आकडा काही दगडावरची रेघ नव्हे.

मग यातून घ्यायचे काय? घ्यायची ती नजर. मुलाकडे पाहण्याच्या खिडक्या वाढतात, हा या विचाराचा खरा लाभ. नवे शिक्के करायला तो वापरला, तर मात्र नुकसानच. काल ज्याला 'ढ' म्हणत होतो त्याला आज 'हा शरीर-बुद्धीचा आहे, याला गणित नको' असे म्हटले, तर आपण फक्त शिक्का बदलला. गार्डनर यांनी स्वतः २०१३ मध्ये स्पष्ट केले की बहुविध बुद्धी म्हणजे शिकण्याच्या निरनिराळ्या शैली नव्हेत. अमुक मुलाला फक्त ऐकूनच कळते, तमुक मुलाला फक्त चित्रातूनच, असा अर्थ त्यातून काढू नये.

याच शब्दांच्या आधारे आपल्याकडे एक धंदाही बोकाळला आहे. मुलाच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचे, संगणकातून रंगीत अहवाल काढायचा, त्यात आठ बुद्धींचे टक्के छापायचे आणि तो डॉक्टर होईल की कलाकार ते सांगायचे. त्यासाठी पालक हजारो रुपये मोजतात. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच, पाचव्या महिन्याच्या सुमारास पक्क्या होतात. त्यांवरून पंधरा वर्षांनंतरची आवड किंवा आकलन सांगता येते, याला शास्त्राचा आधार नाही. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ मध्ये तसे जाहीर केले. तळहाताऐवजी बोटे वाचली म्हणून ज्योतिषाचे विज्ञान होत नाही. ते पैसे मुलाच्या हातात चांगली हत्यारे, रंग, एखादे वाद्य किंवा पुस्तके देण्यात घालावेत.

दुसरी एक गल्लत आवड आणि क्षमता यांची होते. २०१६ पासून काही वर्षे महाराष्ट्रात दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली गेली. तिचे नावच सांगते की ती कल मोजत होती. जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये व्यवसायांच्या आवडीचे सहा गट मांडले, त्यांवर जगभर अशा चाचण्या बेतल्या गेल्या. कल कळणे चांगलेच आहे. पण क्रिकेट बघायला आवडणे आणि नेटमध्ये रोज दोनशे चेंडू टाकायला आवडणे यांत अंतर असते. समजा, एखाद्या मुलीला कविता आवडतात. तिने स्वतःच्या ओळी खोडून पुन्हा लिहिल्या का? एक शब्द बदलण्यासाठी ती अर्धा तास बसली का? आवडीपेक्षा ही खूण अधिक भरवशाची असते. ज्या कामातली स्वतःची चूक मुलाला आपोआप दिसते आणि कुणी न सांगता जी तो दुरुस्त करतो, त्या कामात त्याची बुद्धी चालते असे खुशाल समजावे.

आणि बुद्धी चालते म्हणजे ती आधीच पुरी झालेली असते असेही नाही. लंडनमध्ये परवानाधारक टॅक्सीचालक होण्यासाठी सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. तयारीला तीन-चार वर्षे लागतात. इलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चालकांच्या मेंदूची चित्रे घेतली. जागा आणि वाटा लक्षात ठेवण्याशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग त्यांच्यात मोठा आढळला, हे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. मग शंका निघाली की मुळात तसा मेंदू असणारेच टॅक्सी चालवायला येत असतील. म्हणून शिकाऊ चालकांना तयारीच्या आधी आणि नंतर तपासले. जे उत्तीर्ण झाले त्यांच्या मेंदूत वाढ दिसली, जे होऊ शकले नाहीत त्यांच्यात दिसली नाही. हे निष्कर्ष २०११ मध्ये आले. म्हणजे कामामुळेही बुद्धी घडते. बिने यांनी शंभर वर्षांपूर्वी जे सांगितले होते, त्याला मेंदूच्या चित्रांनी दुजोराच दिला.

आता घरात बसून काय करता येईल ते थोडक्यात सांगतो. सुट्टीतले पंधरा दिवस मुलाला एखाद्या खऱ्या कामाच्या जागी जाऊ द्या. गॅरेज, छापखाना, दवाखाना, नर्सरी, हिशेबनिसाचे कार्यालय, काहीही चालेल. ते काम दहा वर्षे करणाऱ्या माणसाला विचारा की तुमचा दिवस कशात जातो. वकिलाचा दिवस भाषणापेक्षा कागदपत्रांत अधिक जातो, हे सिनेमा सांगत नाही. एका गुणावर व्यवसाय निवडू नका, दोन-तीन गुणांची जोडी पाहा. चांगले चित्र आणि बरे गणित असेल तर वास्तुकला. पण त्या पदवीला बारावीत गणित लागते, हे दहावीनंतर आर्ट्स घेण्याआधी कळायला हवे. चित्र आणि माणसांची आवड असेल तर कलाशिक्षक. निसर्गाची आवड आणि हिशेब असेल तर रोपवाटिकेचा धंदा. म्हणूनच मी गुणपत्रिका फेकून द्या असे म्हणणार नाही. काही दारांची किल्ली आजही तीच आहे.

आणि एक वाट घेतली म्हणजे बाकीच्या संपल्या, ही भीती सोडा. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जाता येते. पदविका झालेल्याला अभियांत्रिकीच्या पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. नोकरी करता करता शिकायचे असेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून त्याच कामासाठी उभे आहे. अगदी काठावर सुटलेल्या मुलासाठी राखून ठेवलेली आयटीआय ही टाकाऊ जागा नव्हे. ज्याची बुद्धी हातात आणि नजरेत आहे, त्याने ती नव्वद टक्के मिळवूनही निवडावी, इतकी ती मानाची झाली पाहिजे. त्यासाठी मात्र बापाला चारचौघांत 'मुलगा फिटर होतोय' असे ताठ मानेने सांगता आले पाहिजे. ही परीक्षा मुलाची नसून आपली आहे.

पोटापाण्याचा प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. गळा गोड असलेल्या प्रत्येकाला मैफल मिळत नाही. पण मनाविरुद्धच्या अभ्यासक्रमात चार वर्षे आणि घरचे काही लाख घालवून पुन्हा पहिल्या पायरीवर येणेही स्वस्त नसते. आवडीचा गुण उपजीविकेचा होईल की फावल्या वेळेचा, हे वयाच्या पंधराव्या वर्षी ठरवलेच पाहिजे असे नाही. तो मरू दिला नाही, तरी पुष्कळ झाले.

म्हणून येत्या निकालाच्या दिवशी टक्के विचारून झाले की मुलाला आणखी एक गोष्ट विचारा. गेल्या वर्षभरात कोणते काम करताना तुला वेळ कळला नाही? उत्तर लगेच येणार नाही. मूल थोडे गोंधळेल, कारण हे त्याला आजवर कुणी विचारलेले नसते. त्याला वेळ द्या आणि उत्तर आले की मध्ये न बोलता ऐकून घ्या.